लाँग टर्म केअर पॉलिसी: विकतानाचे नियम कडक, पण वाढत्या हप्त्याचं काय?

हिशेबनीस

सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आलेली मराठी पिढी आता साठी ते ऐंशीच्या घरात आहे, आणि लाँग टर्म केअर इन्शुरन्सचा, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा, विषय प्रत्येक घरात निघतोय. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) नर्सिंग होमचे फार तर १०० दिवस बघतं. तेही आधी तीन दिवस हॉस्पिटलात रीतसर दाखल असाल आणि नर्स किंवा थेरपिस्टची गरज असेल तरच. आंघोळ घालायला, पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायला महिनोन्‌महिने माणूस लागतो, त्याचे पैसे मेडिकेअर देत नाही. मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी योजना) देतं, पण बचत जवळजवळ संपल्यावर, आणि मागच्या ६० महिन्यांत कुणाला काय देऊन टाकलंत हे तपासून.

धागा काढायचं कारण असं: या पॉलिसीचे ग्राहकरक्षणाचे बहुतेक नियम विक्रीच्या दिवसाभोवती गोळा झाले आहेत. ग्राहक अडकतो तो मात्र पंधरा-वीस वर्षांनी.

विक्रीचे नियम चांगले आहेत, ते नाकारत नाही. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेची आदर्श नियमावली बहुतेक राज्यांनी थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत केली तर सगळे पैसे परत. एजंटला उत्पन्न आणि मालमत्तेची माहिती विचारणारा तक्ता भरून घ्यावा लागतो. हप्ता उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवर जात असेल तर ही पॉलिसी कदाचित परवडणार नाही, असं त्या तक्त्यातच छापलेलं असतं. कंपनीने पूर्वी हप्ते किती वाढवले, तेही तिथेच. दरवर्षी ५ टक्के चक्रवाढीने फायदा (शुश्रूषेसाठी पॉलिसीतून मिळणारी रक्कम) वाढण्याचा पर्याय कंपनीला देऊ करावाच लागतो, आणि तो नको असेल तर तशी सही घ्यावी लागते.

आता विक्रीनंतरचं बघा. हप्ते वेळेवर भरताय तोवर कंपनी तुमची पॉलिसी रद्द करू शकत नाही, पण त्या प्रकारच्या सगळ्या पॉलिसींचा हप्ता एकदम वाढवायला राज्याकडे अर्ज करू शकते. वाढ सोसेनाशी झाली तर नियमावलीत एक सोय आहे: हप्ता थांबवा, आणि आजवर भरलेल्या एकूण रकमेइतकं संरक्षण राखा. ही सोय कधी मिळते? ६५व्या वर्षी पॉलिसी घेतली असेल तर एकूण वाढ मूळ हप्त्याच्या ५० टक्के झाल्यावर. कंपनीने २० टक्के दोनदा वाढवले तर वाढ होते ४४ टक्के, म्हणजे हातात काही नाही. ५५ ते ५९ या वयात घेतली असेल तर उंबरठा ९० टक्के. २४०० डॉलरचा वार्षिक हप्ता ४५६० होईपर्यंत हा हक्क जागाच होत नाही.

माझी मागणी दोन गोष्टींची. पॉलिसीच्या पूर्ण आयुष्यात हप्तावाढीला कायद्याने कमाल मर्यादा हवी. आणि ही सोय पहिल्या वाढीपासून मिळावी.

ताळेबंद

दुसऱ्या मागणीवर बोलता येईल, पहिलीला माझा ठाम विरोध. मर्यादा घातली की कंपनी बुडते, आणि मग सगळ्यांचंच संरक्षण जातं.

हप्ते का वाढले ते आधी बघू. नव्वदच्या दशकातल्या पॉलिसींचे हप्ते ठरवताना कंपन्यांनी धरलं होतं की दरवर्षी चार-पाच टक्के लोक पॉलिसी सोडतील. प्रत्यक्षात एक टक्क्याच्या आसपासच सोडत गेले. माणसं जास्त जगली, त्यामुळे दावे वाढले. त्यात २००८ नंतर व्याजदर कोसळले आणि राखीव निधीवरचं उत्पन्न आटलं. ही तूट कुठून तरी भरून काढावीच लागते.

पेन ट्रीटी या कंपनीचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये पेनसिल्वेनिया राज्याने ती ताब्यात घेतली आणि मार्च २०१७ मध्ये कोर्टाने दिवाळखोरीत काढली. पॉलिसीधारक राज्यांच्या हमी निधीवर येऊन पडले, आणि बऱ्याच राज्यांत त्या निधीची कमाल मर्यादा माणशी ३ लाख डॉलर. ज्यांनी आयुष्यभर मिळत राहणारा फायदा विकत घेतला होता, त्यांच्या हाती एवढंच उरलं.

आणि विक्रीनंतरचे नियम नाहीतच, हे बरोबर नाही. २००० सालच्या दुरुस्तीनंतर विकलेल्या पॉलिसीचा हप्ता वाढवायचा तर कंपनीला दाखवावं लागतं की मूळ हप्त्याचे किमान ५८ टक्के आणि वाढीव भागाचे किमान ८५ टक्के दाव्यांत जातील. म्हणजे वाढीतून नफा कमवायला फारशी जागाच ठेवलेली नाही. २०१४ मध्ये पुढचं पाऊल पडलं: सुरुवातीचा हप्ता ठरवतानाच किमान १० टक्के जादा तरतूद धरा. म्हणून आजची पॉलिसी महाग वाटते. ती महाग असणं हेच ग्राहकरक्षण आहे.

दवबिंदू

तुम्ही दोघं हप्त्याच्या रकमेवर वाद घालताय, पण हप्ता भरायचा राहून गेला म्हणून बंद पडणारी पॉलिसी जास्त काळजीची वाटते. ज्याला स्मृतिभ्रंश सुरू झालाय, त्याच्याच हातून बिल विसरलं जातं. नेमकी ज्या आजारासाठी पॉलिसी घेतली, तोच आजार ती बंद पाडतो.

यावर नियम आहे आणि तो चांगला आहे. पॉलिसी देताना, थकबाकीची सूचना मिळावी म्हणून आणखी एका व्यक्तीचं नाव द्यायची संधी कंपनीने द्यायची असते, किंवा नको म्हणून सही घ्यायची. देय तारखेनंतर ३० दिवस गेल्यावर दोघांना नोटीस जाते, आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस झाल्याशिवाय पॉलिसी बंद करता येत नाही. तरीही बंद झालीच, तर आजारामुळे असं घडलं हे पाच महिन्यांच्या आत दाखवून ती पुन्हा चालू करता येते.

मोडतं कुठे? बरेचजण दुसरं नाव म्हणून नवराबायकोच एकमेकांचं देतात, आणि पत्ता एकच. दोन्ही पत्रं त्याच टेबलावर पडून राहतात. वेगळ्या घरात राहणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं नाव द्या. कंपनीने दर दोन वर्षांनी हे नाव बदलायचं का, असं विचारायचं असतं. ते पत्र जाहिरात समजून फेकू नका.

दुसरा सापळा प्रतीक्षाकाळाचा, म्हणजे पॉलिसीचे पैसे सुरू होण्याआधी स्वतः खर्च करायच्या दिवसांचा. '९० दिवस' सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते कॅलेंडरचे दिवस की सेवेचे? सेवेचे असतील आणि मदतनीस आठवड्यातून तीन दिवस येत असेल, तर ९० दिवस भरायला ३० आठवडे लागतात. सात महिने खिशातून खर्च. हा फरक तक्त्यात मोठ्या अक्षरांत छापायला लावा, असं मी म्हणेन.

कलम_सात

मूळ लेखाशी सहमत, आणि ताळेबंद यांच्या मुद्द्यात एक भगदाड आहे. हे सगळेच्या सगळे नियम लागतात ते फक्त स्वतंत्र लाँग टर्म केअर पॉलिसीला. आज मात्र बाजारात मोठा भाग जीवनविम्याला जोडलेल्या रायडरचा (पुरवणी कलमाचा) आहे: मृत्यूनंतर मिळणारी रक्कम हयातीतच शुश्रूषेसाठी वापरा, असा. आदर्श नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की अशा जीवनविमा पॉलिसीला परवडण्याची तपासणी लागू नाही, आणि महागाईवाढ देऊ करण्याचं बंधनही नाही. म्हणजे सात टक्क्यांचा तक्ता गेला.

महागाईवाढ जाते म्हणजे काय, ते आकड्यात बघा. दिवसाला २०० डॉलरचा फायदा ५ टक्के चक्रवाढीने वीस वर्षांत सुमारे ५३० होतो, ३ टक्के चक्रवाढीने सुमारे ३६०. वाढच नसेल तर तो २०० वरच राहतो, आणि तेव्हा त्या रकमेत दिवसाचे किती तास भरतील याचा विचार करा.

एजंटला लाँग टर्म केअरचं आठ तासांचं प्रशिक्षण आणि दर दोन वर्षांनी चार तासांची उजळणी बहुतेक राज्यांत सक्तीची आहे. मग त्याने एकाच बैठकीत दोन्ही माल विकले तर एकाला सगळे नियम आणि दुसऱ्याला निम्मे, हे कसं चालेल? वस्तूचं काम तेच असेल तर नियमही तेच हवेत.

ताळेबंद

रायडरचं मान्य, तिथे नियम समान करायलाच हवेत. पण एक भेद ठेवा. जोडपॉलिसीत हप्ता बहुधा ठरलेला असतो किंवा एकरकमी भरलेला असतो. म्हणजे हिशेबनीस यांची मुख्य तक्रार तिथे उरत नाही. त्या स्थैर्याची किंमत ग्राहकाने आधीच मोजलेली असते.

हिशेबनीस

मर्यादेमुळे कंपनी डबघाईला येऊ शकते, हा धोका मीही मानतो. मग निदान उंबरठा खाली आणा. १५ वर्षं २४०० डॉलर भरले म्हणजे ३६,००० झाले. दिवसाला २०० डॉलरने ते १८० दिवसांचं संरक्षण होतं. एवढं राखून ठेवायला कंपनीवर असा काय बोजा पडतो? तो माणूस यापुढे पूर्ण दावा करणार नाही, यात तिची देणी कमीच होतात.

आणि हप्तावाढीच्या पत्रात फायदा कमी करून हप्ता तोच ठेवायचे पर्याय येतात, त्यांची भाषा नियमाने बांधून द्यायला हवी. '५ टक्क्यांऐवजी २ टक्के वाढ घ्या' असं लिहिलेलं असतं. आजवर वाढून झालेली रक्कम तशीच राहणार, की पहिल्या वर्षापासून २ टक्क्यांनी नव्याने मोजणार? यात प्रचंड फरक पडतो. उंबरठा ओलांडला असेल तर निर्णयाला १२० दिवस असतात. त्या मुदतीत हा प्रश्न लेखी विचारा, फोनवर नको.

ताळेबंद

उंबरठ्याच्या गणितात एक गोष्ट सुटते. हप्ता थांबवून जाणारे बहुतेक तब्येतीने बरे असतात, आजारी माणूस पूर्ण पॉलिसी धरून ठेवतो. पहिल्याच वाढीला दार उघडलंत तर मागे उरलेल्यांचा दावाखर्च माणशी वाढेल आणि पुढची वाढ त्यांच्यावर येईल. ५० चे ३० करा, मी विरोध करणार नाही. शून्य करू नका.

ओसरी

निवृत्तीनंतर पुण्याला किंवा कोकणात परत जायचा विचार असणाऱ्यांनी हा वाद वाचताना एक कलम आधी उघडून बघावं. अनेक पॉलिसी अमेरिकेबाहेरच्या सेवेचे पैसे देत नाहीत. काही देतात, पण कमी दराने किंवा थोड्या काळापुरते. शिवाय पावत्यांवर पैसे देणाऱ्या पॉलिसीत मदतनीस बहुधा परवानाधारक संस्थेची लागते. ब्युरोमधून येणाऱ्या मावशींची हातानं लिहिलेली पावती त्यात बसेल असं धरून चालू नका. दाव्यासाठी, सहापैकी दोन दैनंदिन कामं (आंघोळ, कपडे घालणं, जेवण यांसारखी) जमत नाहीत आणि हे किमान ९० दिवस चालेल, किंवा स्मृतिभ्रंशामुळे सतत देखरेख लागते, असा परवानाधारक आरोग्य व्यावसायिकाचा दाखला लागतो. तो कुठल्या देशाचा चालतो, हेही विचारा.

नियमावलीत परत जाणाऱ्यांसाठी वेगळं काही नाही, आणि तिथे ते असावं असं मला वाटतं. 'पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेबाहेर राहणार का?' एवढा एक प्रश्न तक्त्यात घातला तरी चुकीची विक्री तिथेच थांबेल. तोवर ३० दिवसांच्या परतीच्या मुदतीत कंपनीला ई-मेल करा: भारतातल्या घरी मिळालेल्या सेवेचे पैसे मिळतील का, किती दराने, किती दिवस, आणि कुठल्या कागदावर. उत्तर आलं नाही, किंवा 'दाव्याच्या वेळी ठरवू' असं आलं, तर मुदत संपण्याआधी पॉलिसी परत करा.