शुगरवाल्यांनी 16:8 (16 तास उपास, 8 तासांतच जेवण) करावं का?

पेठेतली_पोर: बाबा 61 वर्षांचे, टाईप टू, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड चालू आहे, आता कुठलातरी व्हिडिओ बघून दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्यातच जेवणार म्हणतायत. याने एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) खरंच उतरतं का? कुणी रिसर्च वाचलाय?

कडूकारलं: ताई, हीच 12 ते 8 वेळ शिकागोत तपासलीये, 2023 चा पेपर, 75 जण, 6 महिने. रोज कॅलरी मोजून खाणाऱ्यांचं जेवढं उतरलं साधारण तेवढंच यांचं. म्हणजे जादू वगैरे नाही, पण मोजत बसायचा ताप वाचतो.

चकलीप्रेमी: ऑस्ट्रेलियात 5:2 वर झालंय, 2018, 137 लोक, वर्षभर, आठवड्यातले दोन दिवस फक्त 500-600 कॅलरी, तिथेपण रोजच्या डाएटच्या बरोबरीतच. आणि हो, साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचा कीस हाणून त्याला उपास म्हणू नका 😄

गोळीवाला: सगळे एचबीएवनसी वर बोलताय, इथे खरा प्रश्न ग्लिमेपिराईडचा आहे. ती गोळी पोटात अन्न असो नसो इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे उपाशीपोटी शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, चक्कर. नुसत्या मेटफॉर्मिनवर हे सहसा होत नाही. आधी डॉक्टरांकडून डोस आणि वेळ ठरवून घ्या मगच सुरू करू द्या, घरात ग्लुकोमीटर ठेवा.

पेठेतली_पोर: थँक्यू दादा, उद्याच फोन करते. बाबा विचारतायत सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं चालतात का

कडूकारलं: नाही 😂 बिनसाखरेचा कोरा चहा घ्या म्हणावं