‘दवाखान्यातल्यांनीच लस घेतली नव्हती’: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-१०३, काका: (फॉरवर्ड केलेला व्हिडिओ) हा सगळ्यांनी बघा. कोविडच्या वेळी परदेशात नर्सेस लस नको म्हणून रस्त्यावर उतरल्या होत्या. आतल्या माणसांनाच भरवसा नव्हता, तर आपल्याला कशाच्या जोरावर टोचली? आता फ्लूची लस घ्या म्हणून आमचे डॉक्टर मागे लागलेत. आपल्या ग्रुपवर दवाखान्यात काम करणारे पाच-सहा जण तरी आहेत. खरं काय ते तुम्हीच सांगा.

सी-२०१, भूलतज्ज्ञ: काका, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मी आयसीयूत होतो. व्हेंटिलेटरवर आलेल्यांमध्ये दोन्ही डोस झालेले क्वचितच दिसले. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला.

ए-३०४, लॅब: सर, तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण या हिशेबात एक अडचण आहे. तेव्हा मुळात दोन्ही डोस झालेली माणसंच देशात फार थोडी होती. मग आयसीयूतही ती थोडीच दिसणार. लस चालते की नाही हे बघायचं तर एकाच ठिकाणी काम करणारे, लस घेतलेले आणि न घेतलेले, शेजारी-शेजारी ठेवून मोजावे लागतात.

सी-२०१, भूलतज्ज्ञ: बरोबर आहे. मग तसा मोजलेला आकडा देतो, आणि तो दवाखान्यातल्या माणसांचाच आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्याच कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. काळ २१ जानेवारी ते १९ मे २०२१, म्हणजे दुसरी लाट त्यातच आली. लस घेतलेले ८,९९१ कर्मचारी, बहुतेकांना कोविशील्ड. दोन डोस झालेल्यांमध्ये संसर्ग टाळण्यात ६५ टक्के, भरती टाळण्यात ७७ टक्के, ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि आयसीयूपासून ९४ टक्के संरक्षण दिसलं. काका, हे आतल्या माणसांचंच उत्तर आहे. फक्त याचा व्हिडिओ कोणी फिरवला नाही.

ए-१०३, काका: मग त्या नर्सेस खोटं बोलत होत्या का?

बी-४०२, सिस्टर: नाही काका, खोटं कशाला बोलतील? व्हिडिओ कुठला आहे ते मला ठाऊक नाही, पण फ्रान्समध्ये अशी आंदोलनं खरंच झाली. तिथे ५ ऑगस्ट २०२१ चा कायदा आला आणि १५ सप्टेंबरपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सक्तीची झाली. न घेणाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. पहिल्याच दिवशी साधारण तीन हजार जण निलंबित झाल्याचं त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. मात्र त्या मोर्चातली सगळी माणसं लसीच्या विरोधात होती असं समजू नका. लस घेऊन झालेले, पण सक्ती नको म्हणणारेही अशा मोर्चांत असतात.

थोडं लांबलचक लिहिते, कारण आमच्या हॉस्पिटलात लसीकरणाची यादी माझ्याकडे होती आणि प्रत्येकाशी मलाच बोलावं लागलं. ‘आरोग्य कर्मचारी’ म्हणून आपण एक गठ्ठा करतो. त्यात सर्जन आला, पीजी करणारी पोरं आली, आम्ही सिस्टर्स, एक्स-रेवाले, फार्मसीवाले, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा, सगळेच आले. बऱ्याच देशांतल्या पाहण्यांत साधारण एकच चित्र दिसलं: डॉक्टरांची तयारी जास्त, नर्सेसची त्याहून कमी आणि सफाई किंवा मदतनीस कर्मचाऱ्यांची बहुतेक ठिकाणी आणखी कमी. यावरून लोक पटकन म्हणतात की शिक्षण कमी म्हणून शंका जास्त. मला हे मान्य नाही. प्रत्येकाचा प्रश्न निराळा होता आणि उत्तर मिळण्याची सोयही निराळी होती. डॉक्टरांना व्हाट्सॲपवर शोधनिबंध येत होते, ओळखीच्या प्राध्यापकांना फोन लावता येत होता. मावशींना फक्त ‘उद्या दहा वाजता या’ एवढंच सांगितलं गेलं.

आमच्या वॉर्डातली एक मावशी मला म्हणाली, सिस्टर, सुईची भीती नाही, पण ताप आला तर रोज बुडेल. ती कंत्राटी होती, खाडा म्हणजे पैसे कट. कोविशील्डनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी खूप जणांना व्हायची, म्हणजे तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तिला अँटिबॉडी समजावून सांगून काय उपयोग होता? दुसऱ्या दिवशीची भरपगारी सुट्टी लेखी मिळाल्यावर तिने आणि तिच्याबरोबरच्या बऱ्याच जणींनी एकाच आठवड्यात लस घेतली. त्याआधी या सगळ्या जणी आमच्या अहवालात ‘लसीबाबत संकोच’ या रकान्यात गेल्या होत्या. मला याचा आजही राग येतो.

सी-३०३, फिजिओ: सिस्टर, त्या रकान्यात मीही होते. माझ्या नावापुढे चक्क ‘नकार’ लिहिलं होतं. मी तेव्हा बाळाला अंगावर पाजत होते. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी सूचनाच होती की गरोदर आणि स्तनदा महिलांना लस देऊ नये. स्तनदा मातांना परवानगी मिळाली १९ मे ला आणि गरोदर स्त्रियांना २ जुलैला. म्हणजे दुसरी लाट जवळजवळ पूर्ण मी लसीशिवाय काढली, कोविड वॉर्डात छातीची फिजिओथेरपी देत. तोंडाशी तोंड येतं त्या कामात. नियम पाळला, तर नोंद मात्र नकाराची झाली.

ए-३०४, लॅब: हे मला माहीतच नव्हतं.

सी-३०३, फिजिओ: अनेकांना नाही. चाचण्यांमध्ये गरोदर बायकांना घेतलेलंच नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला सांगायला माहिती नव्हती. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्येच गरोदर आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की डॉक्टरांशी बोला आणि तुम्ही ठरवा. इंग्लंडने आधी नको सांगितलं आणि डिसेंबर संपता संपता ते बदललं. तीन देश, तीन उत्तरं. नर्सिंगमध्ये बहुतेक बायकाच, त्यातल्या कितीतरी विशी-तिशीतल्या. त्यांनी थांबायचं ठरवलं तर त्यात आश्चर्य काय?

मूल होणार नाही ही अफवा मात्र वेगळी गोष्ट. विषाणूचं स्पाइक प्रथिन आणि वारेतलं एक प्रथिन सारखं आहे, त्यामुळे शरीर वारेवरच हल्ला करेल, असं पसरवलं होतं. ती दोन प्रथिनं एकमेकांची गल्लत होण्याइतकी सारखी नाहीतच. आणि तसं असतं तर कोविड होऊन गेलेल्या प्रत्येकीवरही तोच परिणाम झाला असता, कारण तिच्या अंगात तेच स्पाइक प्रथिन आलं होतं. माझ्या मैत्रिणीला मी हे एवढंच सांगितलं. तिने तेवढ्यावर लस घेतली.

डी-५०१, सेक्रेटरी: चर्चा चांगली चालली आहे, चालू द्या. फक्त कोणी कोणाच्या आजाराचा किंवा घरातल्या माणसांचा नावानिशी उल्लेख करू नये.

ए-३०४, लॅब: माझंही सांगतो. मी थांबलो होतो आणि त्याची कारणं होती. ३ जानेवारी २०२१ ला दोन लसींना आपत्कालीन मंजुरी मिळाली. आमच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन होती. तिला मंजुरी ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये (म्हणजे चाचणी चालू असल्यासारखी नजर ठेवून) होती, संमतीपत्रावर सही द्यावी लागायची आणि तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे बाहेर यायचे होते. १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं त्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने पत्र दिलं होतं की आम्हाला कोविशील्ड द्या. ते लसविरोधी नव्हते आणि मीही नव्हतो. मी रोज आरटीपीसीआर लावत होतो, आजार किती पसरलाय हे माझ्याइतकं कोणाला दिसत होतं? ३ मार्चला ८१ टक्के हा अंतरिम आकडा आला (अंतिम अहवालात तो ७७.८ झाला) आणि त्याच आठवड्यात मी डोस घेतला.

सी-२०१, भूलतज्ज्ञ: तुझी मागणी योग्य होती. पण थांबण्याचीही एक किंमत असते, तीही मांडली पाहिजे. १६ जानेवारीला पहिला डोस घेतलेल्याचा दुसरा १३ फेब्रुवारीला झाला, पुढचे दोन आठवडे धरले तर फेब्रुवारीअखेर तो सुरक्षित. तू मार्चच्या सुरुवातीला घेतलास, म्हणजे पूर्ण संरक्षण यायला एप्रिलचा मध्य उजाडला. तेव्हा लाट कुठे होती ते सगळ्यांना आठवतंय. आकड्यांची वाट बघताना विषाणू काही थांबत नाही. आमच्यातले काही जण त्या मधल्या दिवसांतच गेले. म्हणून मी या विषयावर कडक बोलतो.

ए-३०४, लॅब: मान्य सर. ते मी विसरलेलो नाही.

बी-१०२: मी दवाखान्यात नाही, पण विचारते. सूचना सारख्या का बदलत होत्या? कोविशील्डचं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ, मग मे महिन्यात एकदम बारा ते सोळा. आम्हाला वाटलं, लस संपली म्हणून अंतर वाढवलं.

बी-४०२, सिस्टर: ताई, हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये जसाच्या तसा विचारला गेला. अंतर वाढवल्यावर प्रतिसाद चांगला येतो याला आधार होता, आणि तुटवडाही होता. दोन्ही खरं. कोणीतरी समोर बसून दोन्ही सांगायला हवं होतं. एकच अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं माणसं स्वतः भरून काढतात.

रक्ताच्या गुठळ्यांचंही तसंच. मार्च २०२१ मध्ये युरोपातल्या कितीतरी देशांनी ॲस्ट्राझेनेकाची लस (आपली कोविशील्ड तीच) थांबवली. ७ एप्रिलला युरोपच्या औषध नियामकाने गुठळ्या हा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला. आमच्याकडे एक सिस्टर ती बातमी घेऊन आली, तर तिला सगळ्यांसमोर ‘तूच असं बोलायला लागलीस तर पेशंट काय करतील’ म्हणून गप्प केलं. ती गप्प बसली, पण तिने लसही घेतली नाही. मग मी तिला बाजूला घेऊन धोका किती दुर्मीळ आहे, कुठली लक्षणं दिसली तर धावत यायचं (खूप डोकेदुखी, धाप, पाय सुजणं, पोटात सतत दुखणं) आणि आपल्या वॉर्डात रोज ज्या गुठळ्या बघतोय त्या कोविडमुळेच होतायत, हे सगळं सांगितलं. दोन दिवसांनी तीच आली. बातमी आणणारा माणूस शत्रू नसतो हे आमच्या वरच्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.

ए-१०३, काका: सिस्टर, व्हिडिओ राहू दे बाजूला. खरं विचारायचं होतं ते हे: हिच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत. फ्लूची सुई दंडात घेतली तर रक्तस्राव होईल का?

बी-४०२, सिस्टर: काका, हे आधी विचारायचंत ना! गोळ्या चालू असताना लस घेता येते. गोळी मनाने बंद करू नका. टोचणाऱ्याला आधी सांगा, ते बारीक सुई वापरतील. टोचल्यावर जागा न चोळता दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायची. थोडं काळंनिळं होऊ शकतं. काकूंची वॉरफेरिन असेल तर शेवटची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी कधी झाली ते बघा आणि त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा.

सी-२०१, भूलतज्ज्ञ: बरोबर. आयएनआर मर्यादेत असेल तर काळजी नको.

ए-१०३, काका: आभारी आहे. उद्याच फोन करतो.

बी-१०२: मग सक्ती हवी की नको? तुम्ही दवाखान्यातले लोक काय म्हणता?

सी-२०१, भूलतज्ज्ञ: मी म्हणतो हवी, निदान काही विभागांत. कामावर रुजू होताना कावीळ बी च्या लसीचे तीन डोस मागतात, तेव्हा कोणी मोर्चा काढत नाही. नवजात बाळांचा विभाग, केमोथेरपीचा वॉर्ड, प्रत्यारोपणाचे पेशंट, यांना लस देता येत नाही किंवा घेऊनही अंगात पुरेशी ताकद येत नाही. त्यांच्या उशाशी उभं राहायचं तर आपलं काही कर्तव्य आहे. ‘माझं शरीर, माझी मर्जी’ हे वाक्य तिथे पुरत नाही.

बी-४०२, सिस्टर: सर, कर्तव्य मला मान्य आहे, पण आधार बदलला की नियमही बदलायला हवा. कावीळ बी ची लस वर्षानुवर्षं टिकते. ओमिक्रॉन आल्यावर लस घेतलेल्यांकडूनही संसर्ग पसरत होता, तेव्हा ‘पेशंटसाठी घ्या’ हा मुद्दा पहिल्याइतका भक्कम राहिला नाही. इंग्लंडने वृद्धाश्रमातल्या कर्मचाऱ्यांना ११ नोव्हेंबर २०२१ पासून सक्ती केली, सगळ्या आरोग्यसेवेला १ एप्रिल २०२२ पासून करणार होते, आणि मार्चमध्ये दोन्ही रद्द केली. तोवर वृद्धाश्रमांतून किती जणी नोकरी सोडून गेल्या होत्या. माणूस कमी पडलं की पेशंटला कूस बदलून द्यायला कोण राहतं? त्याचा धोकाही धोकाच.

सी-२०१, भूलतज्ज्ञ: संसर्ग पसरणं कमी होत होतं, शून्य नव्हतं. माझ्या वॉर्डात कमी होणंही मोलाचं.

ए-३०४, लॅब: आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ ला सांगितलं की कोणालाही लसीची जबरदस्ती करता येणार नाही. त्याच निकालात लसीकरणाचं धोरण अवाजवी नाही असंही म्हटलंय, आणि चाचण्यांची माहिती व दुष्परिणामांचे अहवाल लोकांसमोर ठेवायला सांगितलंय. मला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढच्या साथीत मला एकच हवंय: दर आठवड्याला आमच्या नोटीस बोर्डावर एक कागद, किती जणांना दिली, काय त्रास झाला, किती गंभीर, चौकशीत काय निघालं.

सी-३०३, फिजिओ: आणि यादीत ‘नकार’, ‘अपात्र’, ‘वेळ मागितला’ आणि ‘सुट्टी नाही’ असे चार वेगळे रकाने.

बी-४०२, सिस्टर: मावशींसाठी तो कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, सकाळच्या ओव्हरमध्ये, ड्यूटी बदलताना.

सी-२०१, भूलतज्ज्ञ: कागद, रकाने, भरपगारी सुट्टी, सगळ्याला माझा पाठिंबा. हे सगळं करूनही जो नाही म्हणेल, त्याला नोकरीवरून काढू नका, पण नवजात आणि केमोच्या वॉर्डात ड्यूटी लावू नका. तिथे मी मागे हटणार नाही, सिस्टर.

बी-४०२, सिस्टर: ड्यूटी बदलायला माझी हरकत नाही सर. फक्त बदलीच्या कागदावर शिक्षा म्हणून शेरा नको.