दुखणं गेलं नाही म्हणजे विश्वास कमी?

पंचगंगाकाठ: परवा इथं एका ख्रिस्ती भावानं पोस्ट टाकली, 'खऱ्या विश्वासणाऱ्याला गोळ्या लागत नाहीत, दुखणं राहिलं तर आपला विश्वास तपासा.' दोन दिवस गप्प बसलो, आता लिहितोच. माझ्या आईचं तीन वर्षं डायलिसिस चाललं, आठवड्यातून दोनदा, येताना रिक्षात बायबलातलं स्तोत्र 23 म्हणत यायची. तिला एकानं आमच्याच घरात चहा पिऊन सांगितलं, मावशी तुमचा विश्वास कमी पडतोय. त्या रात्री ती जेवली नाही. बायबलातल्या प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याची पीडा, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, निघाला का? त्याचा सोबती त्रफिम, त्याला तर त्यानं मिलेत शहरात आजारी असतानाच मागं ठेवलं. ह्यांचापण विश्वास तपासायचा?

शाहूपुरीकर: पोस्ट माझी हाय, मागं घेत नाही. बायबलात याकोबाच्या पत्रात 5:15 वाचा की, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. माझा पोरगा आठ महिन्यांचा असताना डॉक्टरांनी हात टेकले, आम्ही दोघं रात्रभर गुडघ्यावर, पहाटे ताप उतरला. आज बारावीला हाय. हे खोटं म्हणू?

मिरजवाली: भाऊ, खोटं कोण म्हणतंय? पण गोळ्या सोडणं म्हणजेच विश्वास असता तर मिशनरी वानलेस डॉक्टरांनी मिरजेत 1894 ला दवाखाना कशाला काढला असता? माझी आजी तिथं नर्स होती. आधी प्रार्थना, मग ऑपरेशन, दोन्ही. आणि शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्यच होता.

उद्यमनगर: औषधाचं राहू द्या. मी अर्पणाचा, म्हणजे चर्चला दिलेल्या पैशाचा, हिशोब मागितला तेव्हा आमच्या मंडळीत हेच वाक्य ऐकवलं, 'तुझा विश्वास कमी.' फौंड्रीत रात्रपाळ्या करून बारा वर्षं दशांश, कमाईचा दहावा हिस्सा, दिलाय ओ मी!

शाहूपुरीकर: हिशोबाचा इथं काय संबंध?

उद्यमनगर: हाच संबंध. प्रश्न विचारला की विश्वास कमी, आजारी पडलं की विश्वास कमी, पावती मागितली की विश्वास कमी. मग विश्वास म्हणजे तोंड बंद ठेवणं का?

मिरजवाली: आमच्याकडं वार्षिक सभेत हिशोब वाचून दाखवतात. तुम्ही लेखी मागा, दोघातिघांना घेऊन जावा.

उद्यमनगर: मागितला ताई, लेखीच. तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला शेजारी कोण बसत नाही.

शाहूपुरीकर: हे वाईट झालं. पण माणसं चुकली म्हणून वचन चुकत नाही.

पंचगंगाकाठ: वचनाशी भांडण नाहीच. याकोबाचा 5 वा अध्याय सांगता, तर 2 रा पण वाचा, उघड्या-उपाशी भावाला नुसतं 'सुखाने जा' म्हणून काय उपयोग? 2019 च्या पुरात आमच्या घरातला चिखल काढायला जे आले त्यांनी आमचा विश्वास मोजला नव्हता.

शाहूपुरीकर: म्हणजे कर्मानं तारण? कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तारण म्हणणारं इफिस 2:8 खोडून टाका मग. बरं, मावशींना जे बोलले ते बोलायला नको होतं, तेवढं मानतो. पोराची साक्ष मात्र सोडणार नाही.

पंचगंगाकाठ: सोडू नका. मार्क 9 मधला, आजारी पोराला येशूकडं आणणारा बाप पण ओरडून म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याचा अर्धामुर्धा विश्वास बघून प्रभूनं पोराला माघारी धाडलं नाही. आई शेवटच्या आठवड्यात हेच म्हणत होती, आणि मी तिला अजून कमी विश्वासाची मानत नाही. ती गोळ्यांची ओळ तेवढी काढा, कुणीतरी आज इन्सुलिन सोडील.