हसवता हसवता घशात आवंढा आणणारे घरगुती सिनेमे: तुमचे अनुभव लिहा

कडकभाकरी
काल रात्री टीव्हीवर 'व्हेंटिलेटर' लागला होता. २०१६ चा, राजेश मापुसकरांचा. म्हातारा व्हेंटिलेटरवर, गणपती तोंडावर, आणि दवाखान्यात जमलेल्या गोतावळ्याला घोर एकच, आता सुतक आलं तर? आमची ही विचारायली, एवढं काय हसताय. ती या घरात यायच्या आधीची गोष्ट, तिला काय ठाऊक.

आमचे आजोबा असेच ऐन गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी आयसीयूत होते. बाहेर बाकावर आत्या रडायली, मोठे काका प्लॉटचा उतारा कुणाकडं आहे ते विचारत फिरायले. धाकटे काका यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वज पेलणाऱ्यांतले. ते येता-जाता डॉक्टरला गाठायचे, "साहेब, अक्षता पडेपर्यंत काय होत नाय ना?" डॉक्टर परगावचा. त्याला वाटलं घरात लग्न आहे. म्हणाला, लग्न पुढं ढकला की. काका म्हणाले, "सिद्धेश्वराचं लग्न कसं ढकलायचं ओ?"

आजोबा वाचले. संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या तसे काका बाराबंदीवरच, म्हणजे यात्रेच्या पांढऱ्या बंदांच्या अंगरख्यातच दवाखान्यात आले. आजोबांनी सलाईनचा हात लांब करून काकांच्या छातीवरचा बंद चाचपला आणि म्हणाले, "ही माझी हाय."

सिनेमातला तो बाप-लेकाचा अबोला सुरू झाला तेव्हा मात्र मी पाणी प्यायला उठलो. असे सिनेमे सुचवा, आणि बघताना घरात काय झालं तेही लिहा.

गंमतराव
लग्न पुढं ढकला 😂😂 का बे, सकाळी सकाळी चहा सांडला.

जुळे_सोलापूर
आमच्यात, लिंगायतांत, सुतक धरत नाहीत. त्यामुळं भांडण थेट वाटणीवरून सुरू. हाच सिनेमा सासूबाई, जाऊबाई आणि मी एकत्र बघितला. त्यात नातेवाइकांचं कुजबुजणं सुरू झालं तशी आम्ही दोघींनी शेंगा फोडायला घेतल्या, मान वर केली नाही. सासूबाईच म्हणाल्या, "ही बाई आपल्या मोठीसारखी बोलते."
मोठी म्हणजे मी.

यंत्रमागकर
इंग्रजी चालत असेल तर 'लिटिल मिस सनशाईन', २००६. बाप दिवसभर यशावर भाषणं ठोकणारा, पोरगा बोलणंच सोडलेला, मामा जीव देता देता वाचलेला, आजोबांना वृद्धाश्रमानं हाकललेलं. ही सगळी वरात धाकटीच्या सौंदर्यस्पर्धेला अल्बुकर्कीहून कॅलिफोर्नियाला निघते, पिवळ्या व्हॅनमधून. वाटेत क्लच जातो. मग दरवेळी ढकलायची आणि पळत पळत आत उडी मारायची.

आमच्या नान्नाची (वडिलांची) ओमनी तुळजापूर घाटाच्या अलीकडं अशीच बसली. अम्मा देवीला नवस बोलायली, नान्ना तेलुगूत शिव्या. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन काका शेजारी शेजारी उभं राहून ढकलायले. गाडी सुरू झाली आणि नान्ना थांबेनातच, थांबलं की परत बंद पडेल म्हणून. धाकटे काका मागून वडापच्या जीपनं देवीला आले. आल्यावर पहिल्यांदा बोलले ते मोठ्या काकांशीच, नान्नाच्या विरोधात.

ते आजोबा म्हणजे ॲलन अर्किन, ऑस्कर मिळालं त्यांना. बारक्या पोरांना घेऊन बसू नका, म्हाताऱ्याचं तोंड लै घाण आहे.

गंमतराव
शेवट सांगू नका कुणी. आज बघणारे.

मावशी_६८
नको बाई हे सिनेमे. दिवसभर घरात तेच चाललेलं असतंय, परत पडद्यावर कशाला? पाणी आलंय, टाक्या भरून येते.

गंमतराव
मावशी, कुठला भाग? आमचा पण आज पाण्याचा दिवस, नळ नुसता फुसफुसतोय.

मावशी_६८
विजापूर रोड. मोटर लावू नको लगेच, शेजारी अंगावर येतील.

पुण्यातला_सोलापूरकर
हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून वाचतोय, कुर्डुवाडी मागं गेलं. समोरचे काका संशयानं बघायलेत.
व्हेंटिलेटरला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक होतं, उगाच नाही. बाबांना मीच तिकीट काढून दिलं होतं. सिनेमा सुटल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. एरवी आई लावून देते आणि हे मागून "बरं आहे म्हणाव" म्हणतात. त्या दिवशी विचारलं, जेवलास का.

जुळे_सोलापूर
मग? तुम्ही काय म्हणालात?

पुण्यातला_सोलापूरकर
हो म्हणालो. मग ते म्हणाले, इकडं ऊन लै आहे. मी म्हणालो, इकडं पण. बराच वेळ बोललो म्हणायचं आमच्या मानानं.

यंत्रमागकर
@कडकभाकरी, काका अजून पेलतात का नंदीध्वज?

कडकभाकरी
गुडघ्यांनी नाही म्हटलं. आता बाजूनं चालत पोरांना ओरडतात. मोठे काका अजून उतारा शोधायलेत.

मावशी_६८
भरल्या टाक्या. तो पिवळ्या गाडीचा कुठं बघायचा? नातीला लावून द्यायला सांगते. शिव्या इंग्रजीत आहेत ना, मग चालतंय.