काळ्या गाडीला सिरॅमिक कोटिंग करावं का?

प्रश्न: नवीन गाडी घेतलीय, काळी. सोसायटीत बोअरचं पाणी, पार्किंग उघड्यावर, वर कडुलिंब. एक डिटेलिंगवाला म्हणतो ९एच कोटिंग करा, दगडानेही ओरखडा येत नाही. खरंय का?

उत्तर १: दगडाचं अजिबात खरं नाही. ९एच हा पेन्सिल टेस्टमधला (कमी-जास्त कडक पेन्सिलींनी ओरखडून बघतात त्यातला) कडकपणा, कोटिंगचा रंगावरचा पारदर्शक थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खडी उडाली की टवका जाणारच, त्याला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते. कोटिंगने पाणी घसरतं, चिखल चटकन निघतो, चमक टिकते. आधी पेंट करेक्शन, म्हणजे पॉलिश करून रंगावरचे बारीक चरे काढणं, करतात का नक्की विचारा, नाहीतर फडक्याचे गोल गोल चरे कोटिंगखाली तसेच राहतात आणि काळ्यावर उन्हात लगेच दिसतात.

उत्तर २: बोअरच्या पाण्याला जपा दादा. माझ्या बॉनेटवर थेंब वाळून पांढरी वर्तुळं उठली, कोटिंग असूनही! व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून मायक्रोफायबरने हलकेच पुसलं, लगेच धुतलं, तेव्हा गेली. आता सावलीतच धुतो आणि वाळायच्या आत टिपून घेतो.

उत्तर ३: कोटिंग केल्यावर पहिला आठवडा धुऊच नका. नंतर पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) शॅम्पू, दोन बादल्या: एक शॅम्पूची, एक फडकं खळबळायला. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी भिजवून काढा. आणि रोज गाडी पुसणाऱ्या दादांना कोरडं फडकं मारू नका म्हणून सांगा, सगळे चरे त्यानेच पडतात.