मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कूपनवरची बारीक अक्षरं

मंडळी, नुकतेच न्यू जर्सीत राहायला आलोय. कूपनं जमवायला लागले खरी, पण त्यांची भाषा डोक्यावरून जातेय. समोर शाम्पूचं कंपनीचं कूपन आहे. दोन बाटल्यांवर २ डॉलर सूट. खाली मुंगीच्या अक्षरात 'वन कूपन पर पर्चेस', मग 'लिमिट फोर लाइक कूपन्स'. चार बाटल्या घेतल्या, दोन कूपनं दिली, तर काउंटरवरच्या मुलीने एकच घेतलं. म्हणे एका बिलाला एकच. बरोबर कोण?

शिवाय इथल्या बायका 'एमक्यू', 'ओओपी', 'डब्ल्यूवायबी', 'वायएमएमव्ही', 'ईसीबी' असं काहीबाही लिहितात. जरा उलगडून सांगा ना.

प्रतिसाद १
ताई, कूपनापुरतं तुमचं बरोबर. इथे 'पर्चेस' म्हणजे अख्खं बिल नव्हे, कूपनावर सांगितलेली खरेदी. तुमच्या बाबतीत दोन बाटल्या. चार बाटल्यांना दोन कूपनं लागतात. बिलाला एकच चालणार असेल तर 'पर ट्रान्झॅक्शन' छापतात. 'लिमिट फोर लाइक कूपन्स' म्हणजे अशी सारखी कूपनं एका वेळी जास्तीत जास्त चार. फक्त दुकानाचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो. त्यांच्या साइटवरची 'कूपन पॉलिसी' फोनमध्ये ठेवा आणि वाद न घालता मॅनेजरला दाखवा.

एमक्यू म्हणजे उत्पादक कंपनीचं कूपन. ते पैसे दुकानाला कंपनीकडून परत मिळतात. म्हणून एका वस्तूवर एक कंपनीचं आणि एक दुकानाचं अशी दोन बऱ्याच ठिकाणी चालतात, त्याला स्टॅकिंग म्हणतात. कंपनीची दोन मात्र नाही, मग एक कागदी आणि एक ॲपमधलं का असेना. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो.

बाकीचं सोपं आहे. ओओपी म्हणजे शेवटी खिशातून गेलेली रक्कम. डब्ल्यूवायबी म्हणजे 'इतकं घेतलंत तर'. वायएमएमव्ही म्हणजे आमच्याकडे चाललं, तुमच्या दुकानात चालेलच असं नाही. ईसीबी हे सीव्हीएस या औषध-दुकानांच्या साखळीचं बक्षीस. आजच्या खरेदीवर मिळतं, पुढच्या बिलात वापरायचं. मुदत बघा, नाहीतर वाया.

प्रतिसाद २
वरच्यात भर. टॅक्स बघून दचकू नका. कंपनीचं कूपन लावलं तरी न्यू जर्सीत सेल्स टॅक्स मूळ किमतीवर लागतो. दुकानाचं लावलं तर उरलेल्या किमतीवर. ८ डॉलरच्या शाम्पूवर २ डॉलरचं कंपनीचं कूपन असेल तर ६.६२५ टक्क्यांनी ५३ सेंट, दुकानाचं असेल तर ४० सेंट. शाम्पूला टॅक्स आहे, डाळ-तांदळाला नाही.

धागाकर्ती
आभारी आहे दोघांची! उद्या पॉलिसी घेऊनच जाते. आणखी एक, 'कॅश व्हॅल्यू १/१०० सेंट' हे काय?

प्रतिसाद १
काही राज्यांतल्या जुन्या कायद्यांमुळे कूपनला नावापुरती रोख किंमत छापावी लागते. तुमची शंभर कूपनं मिळून एक सेंट. 😄