लेकरू वाढतंय, प्रमाणपत्र जुनंच आहे: पालकांनो, तुमचे अनुभव लिहा

मुलाची आई, यवतमाळ जिल्हा

माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तेव्हा तो चालत होता. जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवायचा, पण शाळेत आपल्या पायाने जायचा. आता तो अकरा वर्षांचा आहे आणि चाकाच्या खुर्चीत आहे. रात्री त्याला कूस बदलून द्यावी लागते, संडासला उचलून न्यावं लागतं. कागदावर मात्र तो चालणारा मुलगाच राहिला होता.

म्हणून फेरतपासणीचा अर्ज केला. टक्केवारी वाढली. सरकार महिन्याला देतं ते निराधार योजनेचे पैसे त्यामुळे वाढले नाहीत, कारण 40 टक्क्यांना जेवढे तेवढेच 90 टक्क्यांना. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिन्याला 2500 रुपये झाले, त्याआधी 1500 होते. पण एसटीत फरक पडला. मुलाला तिकिटात 75 टक्के सवलत आधीपासून होतीच, आणि 65 टक्क्यांच्या वर गेल्यावर सोबतच्या माणसाचंही अर्धं तिकीट लागतं. नागपूरला दाखवायला न्यायचं तर एकट्याने त्याला बसमध्ये चढवता येत नाही, त्यामुळे हे अर्धं तिकीट आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

ज्यांच्या मुलांची देखभाल वाढली, कमी झाली किंवा वेगळीच झाली, त्यांनी लिहा. कोणता कागद बदलून घेतला, कुठं अडलं, कोणी वाट दाखवली. कार्यालयाचं, दवाखान्याचं नाव नको.

मुलीचे वडील, वर्धा जिल्हा

मुलगी चौदाची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नाही. लहानपणी मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं, मोठी झाल्यावर कायमचं. कायमचं मिळालं की सगळे म्हणतात आता सुटलात. टक्के तेच आहेत, पण सहा वर्षांच्या लेकीला कडेवर घेणं वेगळं आणि चौदाच्या लेकीला उचलणं वेगळं. तिच्या आईची कंबर धरली आहे. पाळी सुरू झाल्यापासून तिचं सगळं आईलाच करावं लागतं, मी किंवा आजोबा ते करू शकत नाही. कापसाची वेचणी लागली की गावातल्या बाया शेतात जातात, किलोवर मजुरी मिळते. मुलीची आई घरी असते. हा बुडालेला रोज कोणत्याच रकान्यात भरता येत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 24 आहे. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता हा शब्द त्यात चक्क लिहिलेला आहे. कलम 38 खाली अशा आधारासाठी अर्ज करता येतो, त्यासाठी नेमलेल्या तपासणी मंडळाने तपासून ठरवायचं आहे. मी लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. सर्वांनी द्यावा असं मला मनापासून वाटतं. अर्जच नसतील तर आपल्या तालुक्यात अशी मुलं आहेत हे कळणार कसं?

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून बोललो, तेव्हा कमोडची खुर्ची मिळाली. शाळेत नेणं थांबलं, तर गटसाधन केंद्रातून, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातून, विशेष शिक्षक घरी येतात, तेही मागून घ्या.

आजोबा, अकोला जिल्हा

माया नातवाचं सांगतो. त्याचे हात आवळलेले रायतात, बोटं उघडत नाई. पंधरा वर्षाचा झाला तं आधारात ठसे नवीन द्या म्हणे. सेंटरवर नेलं तं मशीन ठसे घेईच ना, परत पाठवलं. इकडं निराधारचे पैसे अटकले. मंग एका बाबूनं नीट समजून सांगतलं का ज्याचे ठसे येत नाई त्याच्यासाठी अपवादाची सोय हाये. लेकराले तिथं न्या, हात दाखवा, अपवादात नोंद करा म्हना. झालं मंग. कोनाचं लेकरू पाच वर्षाचं नाईतं पंधराचं होऊन रायलं असन, तं पैसे अटकायच्या आधीच हे करून घ्या.

आई, अमरावती जिल्हा

माझा मुलगा सुधारतो आहे, आणि मला त्याचीच भीती वाटायची. ऑटिझम आहे. चार वर्षांचा असताना एक शब्द नव्हता, आता पाणी मागतो, संडासला सांगतो. प्रमाणपत्राची मुदत संपत आली तेव्हा घरचे म्हणाले, तिथं हे सांगू नको, टक्के कमी करतील.

मी सगळं सांगितलं. सोबत हेही सांगितलं की आता तो दाराची कडी काढून रस्त्यावर जातो, विहिरीकडे धावतो, म्हणून त्याच्यावरून नजर काढता येत नाही. आधी बसल्या जागी भरवावं लागायचं, आता मागे पळावं लागतं. काम कमी झालेलं नाही, ते बदललं. ऑटिझमची तपासणी 40 मुद्द्यांच्या ठरलेल्या मापावर होते, आणि पुष्कळसं आई काय सांगते यावर असतं. अनोळखी खोलीत मूल कधी अगदी शांत बसतं. मी घरचे व्हिडिओ नेले आणि रोजच्या दिवसाचं पान लिहून नेलं. ते पान त्यांनी वाचलं. टक्के 40 च्या वरच राहिले.

विशेष शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या भागात हा आजार घराघरात माहीत आहे. 2016 च्या कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांमध्ये तो आहे, तरी पालकांना वाटतं हातपाय धड आहेत तर प्रमाणपत्र कशाचं.

या मुलांची गरज सरळ वाढत जात नाही. महिनाभर मूल धावतं, मग थंडीत नाहीतर तापात दुखणं उठतं आणि ते गादीवरून हलत नाही. तपासणीच्या दिवशी मूल हसत समोर उभं असेल तर कागदच बोलतात. भरती झाल्याचं प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची प्रत्येक नोंद जपून ठेवा. घर गळतं, कागद भिजतात, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांच्या कागदांचे फोटो काढून ठेवते. आजार न होता नुसतं त्याचं वाहक असणं म्हणजे दिव्यांगत्व नाही, हेही पालकांना सांगावं लागतं.

आई, बुलढाणा जिल्हा

मुलाचे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारे पट्टे, लहान झालेत, पायाला जखमा होतात. तीन वर्षं थांबा म्हणाले. खरंच थांबावं लागतं का?

विशेष शिक्षिका, गडचिरोली जिल्हा

एडिप या साधनं देणाऱ्या केंद्राच्या योजनेत मोठ्यांसाठी तीन वर्षांचा नियम आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने पुन्हा साधन मिळू शकतं, कारण मूल वाढतं. पुढच्या शिबिरात हेच सांगा. तोवर जखमेवर ते कॅलिपर घालू नका.

वडील, गोंदिया जिल्हा

मुलगा अठरा पूर्ण झाला, बौद्धिक दिव्यांगत्व आहे. बँकेत गेलो तर म्हणाले, तो आता सज्ञान आहे, तुमची सही चालणार नाही. जन्मापासून सांभाळलेल्या लेकराचा मी पालक नाही हे ऐकून पाय गळाले. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालकत्वाचा आदेश देते. हे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. कोणाचं मूल सतराचं असेल तर आत्ताच चौकशीला लागा.

मुलाची आई, यवतमाळ जिल्हा

म्हणजे डुशेनची मुलं त्यात नाहीत. माझ्या मुलाची बुद्धी शाबूत आहे, सही तोच करेल, पण हात उचलेनासा झाला तर काय करायचं, हे मी बँकेत आत्ताच विचारून ठेवते. वर्ध्याचे दादा, तुमच्या मुलीसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढला का?

मुलीचे वडील, वर्धा जिल्हा

हो ताई. त्याच चार प्रकारांसाठी आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत. आजार आधीचा असला तरी चालतो, फिजिओथेरपीचेही पैसे मिळतात. वर्ष एप्रिल ते मार्च असतं, नूतनीकरण मार्चच्या आत करा. कलम 38 च्या अर्जाचा कच्चा मसुदा उद्या इथं टाकतो. त्यात दिवसभराच्या देखभालीची जागा मोकळी ठेवतो, ती ज्याने त्याने आपल्या लेकरापुरती भरायची.